दुसऱ्या बाजूचा सूर

तेरा वर्षं मी पगार घेऊन गाणी ऐकली. असं सांगितलं की इथल्या मराठी मंडळातल्या बायका म्हणतात, "काय मजा गं तुझी!" मी समजावत बसत नाही. गाणं ऐकणं निराळं आणि गाण्यातली खोट ऐकणं निराळं. तांदूळ निवडणाऱ्या बाईला भाताची चव विचारण्यासारखं आहे ते.

आम्ही तेव्हा ओहायोत राहायचो, डेटनच्या दक्षिणेला. श्रीकांत मोटारींचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर होता. मी सांगलीची, मराठी घेऊन बी.ए. झालेली. तिकडे त्या पदवीचा उपयोग एवढाच, की फॉर्मवर ‘कॉलेज ग्रॅज्युएट’च्या चौकोनात खूण करता यायची. मीरा शाळेत जायला लागली आणि मला घरात बसवेना. गावाबाहेर ग्रामोफोनच्या रेकॉर्डी दाबायचा एक कारखाना होता. तिथे ऐकायला माणसं हवी आहेत असं कळलं, तेव्हा मला ती थट्टाच वाटली. तरी गेले. हॅरल्ड नावाच्या फोरमननं एक रेकॉर्ड लावली आणि विचारलं, "काय चुकलंय?"

मी म्हटलं, "भोक मधोमध नाही. सूर झोके खातोय."

त्यानं दुसरा प्रश्न विचारला नाही. सोमवारी ये म्हणाला.

हे कान बाबांचे. बाबा सांगलीत पेट्या दुरुस्त करायचे, म्हणजे हार्मोनियम. पेटीच्या आत पितळेच्या बारीक पट्ट्या असतात. टोकाशी कानस फिरवली की सूर चढतो, मुळाशी फिरवली की उतरतो. मी भाता मारायला बसायची. दोन सूर अगदी जवळ आले की त्यांच्यात एक थरथर उठते. ती मंदावत जाते, आणि थांबली की सूर जुळला. बाबा ती थरथर थांबायची वाट बघायचे आणि मी जेवणाची.

कारखान्यात ‘नलिनी’ कुणाच्या जिभेवर बसेना. आठवड्याभरात माझी ‘नेल’ झाली.

रेकॉर्ड कशी होते ते थोडक्यात सांगते. स्टुडिओत गाणं टेपवर भरतात. टेपवरून ते लाखेसारख्या मऊ तबकडीवर कोरतात. हे काम आमच्याकडे नव्हतं, ते दुसऱ्या गावात व्हायचं. कोरलेल्या तबकडीवर धातूचा मुलामा चढवून तिचा उलटा छाप काढायचा, त्याला म्हणायचे ‘फादर’. फादरवरून निघते ती ‘मदर’, आणि मदरवरून निघतो शिक्का. सगळी पोरं या शिक्क्यातून जन्माला येतात. काळ्या प्लास्टिकचा गरम गोळा, वर-खाली कागदाची लेबलं, दोन बाजूंना दोन शिक्के, वाफेनं तापलेलं दाबयंत्र, म्हणजे आमच्या भाषेत दाब, मग थंड पाणी. अर्ध्या मिनिटात रेकॉर्ड तयार. आधी चार-पाच नमुन्याच्या काढायच्या. त्यातली एक गिऱ्हाइकाला जायची, एक माझ्या खोलीत यायची. दोघांनी होकार दिला की मोठा लॉट सुरू व्हायचा, आणि मग त्यातली मधली मधली एकेक मी ऐकत राहायची.

खोली म्हणजे काचेची पेटीच. बाहेर दाब धाडधाड आपटत असायचे, आत मी, एक टर्नटेबल, हेडफोन आणि खोटीचं कार्ड. कार्डावर चौकोन छापलेले असायचे: खरखर, टकटक, भोक सरकलेलं, प्लास्टिक न भरलेलं, कडा वाकडी. ज्या चौकोनात खूण होईल त्याप्रमाणे बाहेर माणसं पळायची.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एका म्हाताऱ्यानं आयुष्यभर वाफेची इंजिनं चालवली होती. त्यानं इंजिनांच्या आवाजाची रेकॉर्ड स्वतः काढवली. मी ‘सतत फुसफुस’ असं लिहून ती नापास केली. तो तरातरा कारखान्यात आला, टोपी हातात घेऊन माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मॅम, ती फुसफुस म्हणजेच रेकॉर्ड आहे." मी पुन्हा ऐकली. खरंच, चढ आला की फुसफुस जड होत होती, उतारावर मोकळी. मी माफी मागितली. पुढे नाताळात त्याचं कार्ड यायचं.

एक चूक मात्र अजून बोचते. एका शाळेच्या मुलांच्या गाण्याची रेकॉर्ड होती. मला ताप होता, घरी जायची घाई होती. दुसऱ्या बाजूची शेवटची दोन गाणी मी ऐकलीच नाहीत आणि सही केली. त्यातल्या एका गाण्यात एक लहान मुलगी एकटी गात होती, आणि नेमकी तिच्याच ओळीवर मोठी टकटक. लॉट घरोघर गेला, तेव्हा कळलं. शाळेनं तक्रारसुद्धा केली नाही. त्या मुलीच्या आईनं हॅरल्डला एवढंच विचारलं म्हणे, की आमच्या रेकॉर्डप्लेयरची सुई खराब झाली असेल का हो? त्या दिवसापासून मला शेवटपर्यंत न ऐकता उठता येत नाही. घरी रेडिओ बंद करायचा तरी गाणं संपू द्यावं लागतं. श्रीकांत वैतागायचा.

कोरा बेथची रेकॉर्ड आली ती ऐंशीच्या दशकाच्या साधारण मध्याला. कॅसेट घरोघर पोचल्या होत्या आणि आमच्या कारखान्यातले दोन दाब ताडपत्री घालून ठेवले होते. सगळे त्या ताडपत्रीकडे बघून न बघितल्यासारखं करत पुढे जायचे. मोठ्या कंपन्यांचं काम कमी झालं होतं. राहिली होती चर्चची, शाळांची आणि ब्लूग्रासवाल्यांची.

ब्लूग्रास हे केंटकीच्या डोंगरातलं गाणं. बँजो, फिडल, मँडोलिन, गिटार, ढोल वगैरे काही नाही. रत्नागिरीची माणसं गिरणीत आली तशी केंटकीची माणसं ओहायोच्या कारखान्यांत आलेली, आणि येताना हे गाणं घेऊन आलेली. आमच्या दाबांवरची निम्मी माणसं तिकडची. रेकॉर्डी पाकिटात घालणारी डॉटी तिकडचीच. वयानं माझ्याएवढी, तीन मुलांची आई, तोंडानं फटकळ. माझी तिथली पहिली मैत्रीण तीच. तू पण घर सोडून आलीस, मी पण, असं ती म्हणायची. फक्त तिला घरी जायला पाच तास ड्राइव्ह करावं लागायचं आणि मला तीन विमानं बदलावी लागायची.

कोरा बेथ बावीस वर्षांची होती. डॉटीच्याच डोंगरातल्या कुटुंबातली, आमच्या शेजारच्या गावात एका लाँड्रीत काम करायची. तिची ही पहिली रेकॉर्ड. काढणारा होता वॉल्टर, एक लहानशी रेकॉर्ड कंपनी घराच्या तळघरातून चालवणारा माणूस. दोन आठवड्यांनी केंटकीत ब्लूग्रासचा मोठा मेळावा होता. कोराला तिथं पहिल्यांदाच मोठ्या स्टेजवर जागा मिळाली होती, आणि स्टेजशेजारच्या टेबलावर रेकॉर्ड असायलाच हवी होती. नमुना आला त्याच दिवशी वॉल्टरनं फोनवर होकार देऊन टाकला. राहिली होती माझी सही.

पहिली बाजू मी ऐकली. स्वच्छ होती. आवाज रुंद, जरा दाणेदार, वयापेक्षा पोक्त. ताप बघायला कुणीतरी कपाळावर हात ठेवावा तसा. उलटवून दुसरी बाजू लावली आणि पहिल्या ओळीलाच मी खुर्चीत हलले. तीच मुलगी, पण तिला कुणीतरी चिमटीत धरल्यासारखं वाटत होतं. आवाज पातळ, गोड, पोरकट. गाणी संथ होती, आईनं शिकवलेली जुनी गाणी असं पाकिटावर छापलं होतं. आणि संथ गाण्यात दोन ओळींच्या मधे ती श्वास घेत होती, तो फार चटकन घेत होती. अशा गाण्यात असा श्वास माणूस घेत नाही.

टर्नटेबल तपासलं. त्याच्या कडेला ठिपके असतात. वेग बरोबर असला की दिव्याखाली ते जागच्या जागी उभे दिसतात. दिसत होते. पुन्हा ऐकली. पुन्हा तेच. कार्ड समोर घेऊन बसले. खरखर नाही, टकटक नाही, भोक मधोमध. एकाही चौकोनात बसेना.

हॅरल्डकडे गेले. "दुसरी बाजू चढी आहे," मी म्हटलं. "टेप जोरात पळवली आहे."

"कशावरून?"

"ऐकू येतंय."

हॅरल्डचे कान दाबांच्या आवाजानं केव्हाच गेले होते. ते तो कबूल करायचा नाही, पण सगळ्यांना माहीत होतं. तो म्हणाला, "नेल, शिक्का कोरलेल्या तबकडीसारखा आहे ना? मग आपलं काम झालं. त्यांनी पाठवलं ते आपण दाबलं. आणि ही डोंगरातली पोरं पियानोला लावून वाजवतात थोडीच? एकमेकांशी जुळवून घेतात. असेल तो दिवस चढा."

मुद्दा खोडता येण्यासारखा नव्हता. मी सही उद्यावर टाकली.

घरी गेले, पण हातात काही टिकेना. भाजी फोडणीला टाकली आणि मीठ दोनदा घातलं. श्रीकांत म्हणाला, "अगं, वेग चुकला असेल तर मोजता येतो. अंदाज कशाला?" इंजिनियर माणसं कधीकधी कामाचं बोलतात. बाबांनी लग्नात दिलेली पेटी कपाटाच्या वर होती. सकाळी ती मी गाडीत ठेवायला लागले, तशी मीरा दारातून ओरडली, "आई, आर यू टेकिंग दॅट टू वर्क?"

"हो."

"दे विल लाफ, आई."

हसलेच. मी खोलीत मांडी घालून पेटी उघडली तेव्हा काचेबाहेर चार-पाच जण गोळा झाले. डॉटी आत येऊन भाता मारायला बसली, तिला दोन मिनिटं शिकवावं लागलं. पहिल्या बाजूवरचं एकेक गाणं पेटीवर बरोबर बसलं, एक पांढरी पाच, एक पांढरी सहा. दुसऱ्या बाजूवरचं एकही बसेना. काळी पाच दाबली तर गाणं तिच्या थोडं वर, पुढची पांढरी सात दाबली तर बरंच खाली. सगळीच्या सगळी गाणी पट्ट्यांच्या मधल्या फटीत. तीच पोरं, तीच वाद्यं, आणि पाकिटावर लिहिल्याप्रमाणे दोन्ही बाजू एकाच दिवशी रेकॉर्ड केलेल्या.

हॅरल्ड म्हणाला, "गिऱ्हाइकाला हवं तसं आहे की नाही, हे गिऱ्हाईक सांगेल. सांगितलंय त्यानं. सही कर."

"गिऱ्हाईक कोण? तो, की ती?"

"पत्रावर ज्याचं नाव आहे तो."

गिऱ्हाइकाशी परस्पर बोलायचं नाही असा नियम होता. तो शुक्रवार होता. मी सही केली नाही, डोकं दुखतंय सांगून निघून आले. डोकं दुखत नव्हतं.

रविवारी दुपारी डॉटीच्या चर्चच्या तळघरात सगळ्यांचं जेवण होतं, आणि कोरा तिथं गाणार होती. डॉटी म्हणाली, "चल. गिऱ्हाइकाशी बोलायचं नाही ना, मग ऐक नुसतं." मी बटाट्याची भाजी नेली. तिथल्या राजम्यातसुद्धा डुकराचं मांस. डॉटीनं माझ्यासाठी मक्याच्या पावाचा तुकडा आधीच बाजूला काढून ठेवला होता. तो हातात तसाच राहिला, कारण कोरा गायला उभी राहिली.

उंच, हाडकुळी मुलगी, लाँड्रीच्या वाफेनं हात लाल झालेले. तिनं दुसऱ्या बाजूवरचंच पहिलं गाणं धरलं. आवाज त्या तळघरात खालून आला, जमिनीतून आल्यासारखा. पट्टी पांढरी सहा. माझ्याजवळ पेटी नव्हती, पण तेवढं मला पेटीशिवाय कळतं. श्वास सावकाश घेत होती. शेजारची एक म्हातारी ताटातलं जेवण थांबवून, डोळे मिटून बसली होती.

गाणं झाल्यावर डॉटीनंच ओळख करून दिली. "ही नेल. तुझी रेकॉर्ड तपासते."

कोराचा चेहरा उजळला. "येस मॅम? कशी झालीय?"

नुसतं ऐकायला आले होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "तू ऐकलीस का?"

"माझ्याकडे प्लेयर नाही. वॉल्टरनं गाडीत कॅसेटवर ऐकवली. इतकी गोड झालीय! माझा मलाच आवाज ओळखू येईना." मग जरा लाजून म्हणाली, "रेकॉर्डवर सगळ्यांचाच असा होत असेल ना? सुंदर करतात ना तिथं काहीतरी?"

त्या क्षणी मी गप्प बसायला हवं होतं का, हे मी पुढे कितीतरी वेळा स्वतःला विचारलं. ती खुश होती. तिला माहीत नव्हतं. मला शाळेतल्या त्या मुलीची आई आठवली, सुई खराब असेल का विचारणारी.

"नाही," मी म्हटलं. "सगळ्यांचा तसा होत नाही. उद्या जेवणाच्या सुट्टीत कारखान्यात ये."

सोमवारी ती आली, लाँड्रीच्या निळ्या कोटातच. हॅरल्डनं मला बाजूला घेतलं. "नेल, हे तुझ्या नोकरीवर जाईल. माझ्याही."

"दहा मिनिटं," मी म्हटलं. "तुमच्यासमोर."

मी स्पीकरवर दुसरी बाजू लावली आणि कोराला म्हटलं, "आता रेकॉर्डबरोबर गा."

ती हसली, तिला सोपं वाटलं. स्वतःचंच गाणं. पहिली ओळ आली आणि ती तिच्या नेहमीच्या सुरात शिरली. दोन्ही आवाज एकमेकांवर घासले. ती थांबली. पुन्हा सुरुवात केली. या वेळी जोर लावून वर चढली, तर ओळ संपायच्या आत श्वास तुटला, आणि रेकॉर्डवरची ती मुलगी पुढे निघून गेली. तिसऱ्यांदा तिनं प्रयत्नच केला नाही. दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून ती त्या फिरत्या तबकडीकडे बघत राहिली.

"ही कोण आहे?" ती म्हणाली.

मी सुई उचलली.

हॅरल्ड इतका वेळ दाराशी उभा होता. तो मला म्हणाला, "मला फरक ऐकू येत नाही. पण तिच्या तोंडावर दिसला." आणि बाहेर जाऊन त्यानं दाबाला लावायला काढलेले शिक्के परत कपाटात ठेवायला सांगितले. तेवढंच त्याच्या हातात होतं. बाकी माझ्या. मी कार्ड ओढलं, चौकोन सोडून खाली कोऱ्या जागेत लिहिलं, ‘दुसरी बाजू गायिकेच्या आवाजात नाही,’ आणि खाली पूर्ण नाव लिहिलं. नेल नाही, नलिनी.

वॉल्टर मंगळवारी आला. मी मनात त्याचा खलनायक करून ठेवला होता, तसा तो मुळीच नव्हता. पन्नाशीचा, थकलेला, शर्टाच्या खिशात तीन पेनं. तो आधी माझ्यावर ओरडला. मग कोरा आली तशी त्याचा आवाज खाली आला.

"मी केलं," तो म्हणाला. "कोरवून घेताना मीच टेप जोरात चालवायला सांगितलं. एका रेडिओवाल्याला ती गाणी ऐकवली होती. तो म्हणाला, बावीस वर्षांची पोरगी पन्नाशीच्या बाईसारखी गाते, कोण लावणार हे? मी तुला लपवायला नाही केलं, कोरा. तुला पुढे आणायला केलं."

"मला सांगायचं तरी."

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो. म्हणूनच तर सांगितलं नाहीस."

त्यानं खिशातली पेनं चाचपली. मग त्यानं जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. मेळाव्याला नॅशव्हिलच्या एका मोठ्या रेकॉर्ड कंपनीचा माणूस येणार होता, मुद्दाम नवीन आवाज शोधायला. गाणं ऐकल्यावर तो रेकॉर्ड मागणार. "पुन्हा कोरायचं, पुन्हा मुलामा, पुन्हा शिक्के, म्हणजे मेळावा गेला. तू रिकाम्या हातानं उभी राहशील. हवी तशी रेकॉर्ड हवी, की हातात रेकॉर्ड हवी? तू सांग. मी तसं करीन."

कोरानं माझ्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे उत्तर मागत होती, हे मला स्पष्ट दिसलं. आदल्या दिवसापर्यंत मला सगळं ठाऊक होतं. सूर खरा असावा, बस्स. आता त्या खऱ्या सुराच्या पलीकडे एक माणूस येऊन उभा राहिला होता, नॅशव्हिलहून.

"लोक ही रेकॉर्ड घेतील," कोरा हळूहळू म्हणाली, जणू स्वतःशीच हिशेब करत, "आणि मग मला ऐकायला येतील. म्हणतील, हिचा आवाज बसलाय. मग मी जन्मभर त्या पोरीसारखं गायचा प्रयत्न करत राहीन." ती थांबली. "पुन्हा कोर, वॉल्टर."

त्यानं शब्द पाळला. पण आमच्याकडे नाही. शिक्के घेऊन गेला आणि पुढचं काम दुसऱ्या कारखान्याला दिलं, ते कायमचंच. मालकांनी हॅरल्डला बोलावून झापलं, आणि हॅरल्डनं मला तीन महिने लेबलं मोजायच्या टेबलावर बसवलं. त्याचा राग नव्हता, कागदोपत्री काहीतरी शिक्षा दाखवायला हवी होती. तिथे बसून मला काचेतून माझी खोली दिसायची. माझ्या जागी आलेला माणूस हेडफोन लावून चांगला डुलायचा. तीन महिन्यांत परत येणाऱ्या रेकॉर्डींचा ढीग वाढला तेव्हा मला पुन्हा आत बोलावलं. हे मी अभिमानानं सांगते, लपवत नाही.

मेळाव्यातलं डॉटीनं येऊन सांगितलं. कोरा अप्रतिम गायली. नॅशव्हिलचा माणूस स्टेजमागे आला, म्हणाला, रेकॉर्ड दे. ती म्हणाली, अजून झाली नाही. त्यानं कार्ड दिलं, झाली की पाठव म्हणाला. रेकॉर्ड व्हायला पानगळ उजाडली. कोरानं पाठवली. उलट पत्र आलं, की सदर गृहस्थ आता कंपनीत नाहीत.

रेकॉर्ड चांगली होती. एक प्रत तिनं मला डॉटीच्या हाती पाठवली, वर काही न लिहिता. दुसरी बाजू मी घरी शेवटपर्यंत ऐकली. विकली थोडी, डोंगरातल्या दोन-तीन रेडिओ स्टेशनांवर लागली, आणि मग कॅसेटच्या आणि सीडीच्या रेट्यात बुडाली. दुसरी रेकॉर्ड निघाली नाही.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षं नाही, पण पुष्कळ महिने अस्वस्थ होते. श्रीकांत म्हणायचा, "तू तुझं काम केलंस." बरोबर, पण ते माझं काम नव्हतंच, माझं काम चौकोनांपुरतं होतं. मी चौकोनाबाहेर लिहिलं आणि त्याचं मोल दुसऱ्या कुणीतरी भरलं. कधी वाटायचं, मला त्या मुलीच्या आवाजाची काळजी होती की माझ्या कानांचा गर्व? बाबा असते तर विचारलं असतं. बाबांनी कदाचित कानस खाली ठेवली असती आणि काहीच सांगितलं नसतं.

दशक संपता संपता कारखाना बंद झाला. श्रीकांतला शिकागोजवळ शॉमबर्गमध्ये नोकरी लागली. सामान बांधायच्या आठवड्यात डॉटी म्हणाली, "जायच्या आधी एकदा केंटकीला चल. कोरा शनिवारी दुपारी गावातल्या हॉलमध्ये गाते." कोरा लाँड्री सोडून आईच्या गावी परत गेली होती. शाळेची बस चालवायची.

आम्ही पोचलो तेव्हा ती खुर्च्या मांडत होती. थोडी भरली होती, हात मात्र आता लाल नव्हते. मला बघून तिनं खुर्ची तशीच अर्धवट उघडी धरली.

"नेल," ती म्हणाली. या वेळी मॅम नाही. "तुम्हाला खरं सांगू? कधीकधी सकाळी बस चालू करते, बाहेर बर्फ असतं, काच पुसते, आणि मला तुमचा इतका राग येतो. वाटतं, त्या चिमण्या आवाजात प्रसिद्ध झाले असते तर काय बिघडलं असतं?"

"मलाही येतो," एवढंच म्हटलं. "माझाच."

तिनं मान हलवली, ठीक आहे म्हटल्यासारखी, किंवा नाही म्हटल्यासारखी, मला कळलं नाही. मग ती खुर्ची पूर्ण उघडून माझ्यापुढे ठेवली. "बसा. सुरू करतोय आम्ही."

ती तासभर गायली. बायका मांडीवर ताल धरत होत्या, मागच्या रांगेत तिच्या बसमधली पोरं होती, ती दंगा करत करत मधेच गप्प व्हायची. आवाज आणखी खाली उतरला होता, आणखी रुंद झाला होता. त्याला चिमटीत धरणं आता कुणालाच जमलं नसतं. निघताना आम्ही भेटलो नाही. ती पोरांना बाहेर काढत होती, तिनं लांबूनच हात केला.

परतीला गाडी मी चालवत होते. डॉटीनं सीट मागे टाकली. मग डॉटीनं विचारलं, "पुन्हा वेळ आली तर तसंच करशील?"

ओहायो नदीवरचा पूल येईपर्यंत मी विचार करत राहिले. पूल ओलांडला, आणि मी म्हटलं, "हो."

डॉटीला केव्हाच झोप लागली होती.